पांढरी चार

मूल गाऊ लागलं की मास्तर खाली वाकायचे, उजवा कान त्याच्या तोंडाशी न्यायचे आणि म्हणायचे, "लेकरा, माझ्या कानात म्हन. देवाला मागनं ऐकू जाईल." मुलं हसायची आणि मोकळ्या गळ्याने गायची.

नगरच्या आमच्या संस्थेत भाषावाले, शिक्षणवाले आणि गाणारे-वाजवणारे एकाच छपराखाली काम करत. मी शिक्षणाकडची. खेड्यातली मुलं गाताना कोणता सूर धरतात, हे शोधत होते. मास्तर दिलरुबा वाजवायचे. चर्चच्या भजनमंडळात तयार झालेले, शाळा सातवीपर्यंत. मुलाचा सूर पेटीच्या कुठल्या पट्टीशी जुळतो ते मास्तर वहीत लिहीत, मी टेप करी. तुमच्याही पाहण्यात असतील अशी माणसं. पदवीवाल्यांच्या मागे उभी राहतात, पण काम त्यांच्यावाचून अडतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. काष्टीच्या शाळेतून परतताना मागून ट्रक हॉर्न देत आला. मास्तर हलले नाहीत. मी दंड धरून ओढलं.

"डावा कान गेलाय बाई," कडेला आल्यावर ते म्हणाले. "उजव्याला जवळचं तेवढं येतं. संस्थेत कुनाला सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

उन्हाळ्यात बैठक झाली. पुण्याहून आलेल्या विद्वानांनी माझी टेप लावली आणि पेटी पुढे ओढली. मास्तरांच्या वहीत पट्टी पांढरी चार, टेपवर काळी तीन. पानामागून पान तसंच, टेप अर्ध्या सुराने चढी.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझा निबंध, त्यावर मिळणारी कायमची जागा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"मास्तरांनी. त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

मास्तर शेवटच्या रांगेत होते. त्यांना ते ऐकू गेलंच नाही. शेजारच्याने कानाशी लागून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दिलरुब्यावर गवसणी चढवली.

त्यांना ग्रंथालयात पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. आठवड्याने ते मिरजगावला लेकीकडे निघून गेले.

पावसाळ्यात टेपरेकॉर्डर बिघडला. तो दुरुस्त झाल्यावर मेकॅनिकला मी बैठकीतली तीच टेप ऐकवली. तो म्हणाला, "सेल उतरलेले असताना टेप केलंय बाई. तेव्हा फीत हळू फिरली. आता नव्या सेलवर आवाज चढाच येणार."

सेल बदलायचं काम माझं होतं.

मी निबंध दुरुस्त केला. मला जागा मिळाली. मास्तरांबद्दल मात्र कुणाशी बोलले नाही.

मिरजगावला जायला मला वर्ष लागलं. मास्तर अंगणात शेंगा निवडत बसले होते. आता दोन्ही कान गेले होते. मी समोर बसले आणि बोलत सुटले, सेलचं, बैठकीचं, सगळं. ते माझ्या तोंडाकडे बघत हसत राहिले.

लेक चहा घेऊन बाहेर आली. नातीची पाटी तिने माझ्या हातात दिली. "हिच्यावर लिवा बाई. ते वाचत्यात."

मी पेन्सिल उचलली. मग लिहिलं, 'तब्येत कशी आहे?'

"बरी हाय की," मास्तर म्हणाले. पाटी त्यांनी तळहाताने पुसली आणि पुन्हा माझ्यापुढे धरली.