एका रेघेची नदी

काचकाकांनी उभ्या आयुष्यात हजारो खिडक्यांच्या काचा कापल्या, पण लोक त्यांना ओळखतात ते भिंतीवरच्या काचचित्रांमुळे. ही हकीकत त्यांच्या बगळ्यांच्या चित्राची. दवाखान्यात माणसं नंबराची वाट बघत बसतात, तिथल्या भिंतीसाठी ते हवं होतं.

काकांची पद्धत ठरलेली. आधी खाकी कागदावर पुऱ्या मापाचं चित्र, मग प्रत्येक तुकड्याला नंबर, मग कापणी. शेवटी शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवून सांधे डाख देऊन जोडायचे. या चित्रात वर एकोणीस बगळे, खाली नदी. नदीसाठी एक निळी काच त्यांनी अकरा वर्षं गोधडीत गुंडाळून ठेवली होती. तसली काच करणारा कारखाना कधीच बंद पडला होता.

"नदी अख्खीच हवी," ते म्हणायचे. "नदीला कुठं सांधा असतो?"

काच कापायची म्हणजे हिरकणीनं, हिऱ्याचं टोक बसवलेल्या कलमानं, तिच्यावर रेघ ओढायची, तीही एकदाच. त्याच रेघेवरून पुन्हा हात फिरवला की काच गेलीच म्हणून समजा. मग खालून हळूच ठोकायचं, म्हणजे ती रेघेवर दुभंगते. दाब बरोबर पडला का, ते डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. रेशमी कापड फाडल्यासारखा सलग आवाज आला की रेघ जमली.

त्या आठवड्यात बगळे फुटायला लागले. सोमवारी दोन, मंगळवारी तीन.

"काचच शिळी आलीय," काका करवादले.

"शिळी व्हायला ती काय भाजी आहे?" टेबलापलीकडे तुकड्यांच्या कडा घासत बसलेल्या काकू म्हणाल्या.

बुधवारी मात्र काकूंनी नीट लक्ष दिलं. रेघेवर पांढरी भुकटी उडत होती. हात फार दाबून चालला होता, आवाज खरखरत होता, आणि काकांच्या कपाळावर साधी आठी नव्हती. त्या उठून त्यांच्या पाठीमागे गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, चहा टाकू?"

काका चहाला कधी नाही म्हणाले नव्हते. ते पुढची रेघ ओढत राहिले.

काकू समोर आल्या. "कधीपासून ऐकू येत नाही?"

"कुणाला?"

"शेजाऱ्याला!"

काकांनी हिरकणी पुसून खाली ठेवली. "दोन-तीन महिने झाले. बोलणं कळतं गं. बारीक आवाज तेवढे कमी होत होते, या आठवड्यात पार गेलेत. तुला सांगितलं असतं तर तू दुकानाला कुलूप लावलं असतंस."

काकूंनी टेबलावरचे फुटके बगळे गोळा केले. "निळी काच दुसऱ्या कुणाकडून कापून घेऊ या."

"दुसऱ्याच्या हातची नदी माझ्या चित्रात?"

"मग मी ऐकते. चौतीस वर्षं इथं बसून तोच आवाज ऐकतेय. तुमच्या घोरण्याइतकाच ओळखीचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी काच टेबलावर आली. काकूंनी काकांच्या पाठीवर तळहात ठेवला. आवाज खरखरला तर बोटं दाबायची, विरला तर हात उचलायचा, असं ठरलं होतं.

पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्यावर बोटं दाबली गेली, काकांनी हात हलका केला. जरा जास्तच हलका. पाठीवरचा हात उठला, त्यांनी पुन्हा दाब दिला, पण तोवर दोन बोटं जागा कोरीच मागे राहिली होती. रेघ काचेच्या कडेपर्यंत नेल्यावर त्यांचा हात तिथं परत जायला निघाला. काकूंनी मनगट धरलं. "अंहं."

काकांनी काच उचलून खालून ठोकली. तडा रेघ धरून आला आणि कोऱ्या जागेशी थांबला. काकांनी आणखी एकदा, अगदी अलगद ठोकलं. तडा किंचित बाजूला झुकला, आणि पलीकडच्या रेघेला जाऊन मिळाला. नदी अख्खी निघाली होती. फक्त एका काठाला कागदावर नसलेलं छोटंसं वळण आलं होतं.

काका घासायचा दगड शोधू लागले.

"राहू द्या की," काकू म्हणाल्या. "तुमच्या कागदाला विचारून कुठली नदी वाहते?"

काका हसले. त्यांनी दगड ठेवून दिला आणि त्या वळणाला बसेल असा काठाचा नवा तुकडा आखायला घेतला.

"बगळे किती राहिलेत?" काकूंनी विचारलं.

"सात."

"मग मला स्टूल आणा. उभं राहून पाय दुखतात."

काकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "काय?"

"स्टूल!" काकू ओरडल्या.

काका स्टूल आणायला गेले.