सात घरांतली खुर्ची

आमच्या खालच्या खोलीत राहायला आलेल्या बाई पहिल्याच आठवड्यात जिना चढून वर आल्या. हातात जुन्या चादरीच्या चिंध्या.

"रागावणार नसशील तर एक सांगू? तुमच्या खुर्च्यांच्या पायांना हे बांधू का? मीच बांधून देते."

मला वाटलं, मुलांच्या धिंगाण्याची तक्रार आहे. "आवाज फार होतो का हो, मावशी?"

"पोरं नाचू देत खुशाल. खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा नको."

त्यांनी फरशीवर बसकण मारली आणि चार खुर्च्यांच्या सोळा पायांना चिंध्या बांधल्या. चहाही तिथेच, खाली बसून घेतला. पुढे अकरा वर्षं आमचा शेजार टिकला, पण त्यांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. शाळेच्या गणवेशांची काज-बटणं करायच्या, चटईवर, खिडकीच्या उजेडात. इमारतीतली मुलं त्यांना पाहणीमावशी म्हणत. तरुणपणी त्या सरकारी पाहणीत होत्या, घरोघरी जाऊन गरिबी मोजायच्या.

"मग, किती भरली मोजून?" आमचे हे एकदा थट्टेनं म्हणाले. मावशी हसल्या आणि त्यांनी पुढचं बटण हातात घेतलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, त्यांच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवून देताना.

तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. देशाचा वरचा भाग दगडाचा, कोरडा; खालचा भाग नदीकाठचा, खाऊन-पिऊन सुखी. गरिबी कुठे राहते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी आकडा हवा होता, कुठल्या भागात शंभर घरांमागे किती गरीब. त्यासाठी छापील तक्ता होता: खुर्ची, खाट, घड्याळ, रेडिओ, सायकल. यातली एक जरी वस्तू घरात दिसली आणि घरच्यांनी ती आपली म्हटली, तर घर रेषेच्या वर. एकही नसली तर खाली. खालच्या घरांसाठी दर महिन्याला धान्याची गाडी.

आधी मावशींनी नदीकाठ केला. तिथे तक्ता काय आहे हे त्यांच्या आधीच गावोगाव पोचलेलं. एका घरात रेडिओवर चादर टाकून तिच्यावर आजोबांना बसवलं होतं. प्रश्न विचारता विचारता आजोबांच्या खालून बातम्या सुरू झाल्या. दुसऱ्या घरात अंगणातल्या सायकलीकडे बोट दाखवलं, तर घरमालक म्हणतो, "ती शेजाऱ्यांची. आमच्याकडे नुसती झोपायला येते." मावशी हसून हसून बेजार. पण घरच्यांनी आपलं म्हटलं नाही, म्हणून नियमानं 'नाही' लिहावं लागलं.

मग त्या वर गेल्या. माळावर सात घरांची एक ओळ होती. पहिल्या घरात लाकडी खुर्ची, पाठीची एक पट्टी गेलेली, एक पाय तारेनं बांधलेला. घरच्या बाईनं ती हातानं पुसली. "बसा." मावशी बसल्या, पाणी प्यायल्या, तक्ता भरला.

दुसऱ्या घराचं दार अर्धं लोटलेलं. "थांबा हं बाई, जरा आवरते." मावशी बाहेर थांबल्या, तर मागच्या भिंतीपलीकडून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. मग दार उघडलं. आत खुर्ची. तारेनं बांधलेल्या पायाची.

तिसऱ्या घरात त्या खुर्चीवर टेकल्या आणि दचकल्या. बैठक गरम होती.

"आत्ता कुणी उठलं का इथून?"

"नाही बाई. सकाळपासून कुणीच बसलं नाही."

खरंच कुणी बसलं नव्हतं. ती ऊब मावशींची स्वतःचीच होती, मागच्या घरातून आलेली.

चौथ्या घरात त्या मुद्दाम जमिनीवर बसू लागल्या, तर घरच्या म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "आमच्याकडे पाहुण्याला खाली बसवतात, असं लिहिणार का त्यात?" मावशी निमूटपणे उठून खुर्चीवर बसल्या.

पाचव्या घरातली बाई त्यांच्याच वयाची. दाराबाहेर ओळीतल्या दोघी-तिघी कान देऊन उभ्या. मावशींनी विचारलं, "खुर्ची तुमचीच ना?"

"मग काय उसनी आणलीय?" तिनं हनुवटी वर केली.

बाहेरच्या बायका श्वास रोखून थांबल्या. मावशींनी 'हो' लिहिलं. "'नाही' लिहिलं असतं तर सगळ्यांदेखत तिला खोटं पाडल्यासारखं झालं असतं," त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं, मी तिचा मान राखतेय."

सहाव्या घरात तेच. सातव्यात खुर्ची पोचायला उशीर झाला. आणणाऱ्याला धाप लागली होती आणि सगळे जण ती लागली नसल्यासारखं करत होते. सात तक्ते, सात 'हो'.

काही महिन्यांनी आकडे हाती आले. पाहणीचे साहेब खुशीत होते. "वरचे सुधारले आणि खालचे गरीब निघाले! नकाशा उलटा टांगला की काय कुणी?" मावशींसारखे चाळीस जण वर गेले होते. प्रत्येकाला कुठे ना कुठे खुर्ची मिळाली होती.

"साहेब, माझ्या ओळीत ती एकच खुर्ची होती."

"सात कागदांवर सात आहेत. आणि खाली सही कुणाची आहे?"

ओळीला तोवर येणारी धान्याची गाडी बंद झाली. मावशींनी साहेबांच्या मागे लागून लागून मार्ग काढला: 'आम्ही खोटं सांगितलं' असं घरच्यांनी अंगठ्यानिशी लिहून द्यायचं, मग पुन्हा पाहणी. कागद घेऊन त्या स्वतःच्या रजेत वर गेल्या. सातांतली दोन घरं बंद होती. पाचव्या घरातली बाई दारातच होती, गालफडं बसलेली.

"खोटं बोललो असं लिहून देऊ?"

"गाडी परत सुरू होईल."

"गाडी महिन्याचं आणेल. हा कागद माझ्या पोरीच्या लग्नापर्यंत पुरेल. लोक म्हणतील, ही खोटारड्यांची ओळ."

"पण खुर्ची तर तुमची नव्हती."

"कुणाचीच नव्हती. शाळा बंद झाली तेव्हा मास्तर टाकून गेले. कुणी आलं की काढतो." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या आधी चार वर्षं पाहुणं असं कुणी आलं नव्हतं."

कोरा कागद घेऊन मावशी परतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच लिहून दिलं: 'मी त्या सात घरांत गेलेच नाही. झाडाखाली बसून तक्ते भरले.' आठवड्यात नोकरी गेली. ठरत आलेलं लग्न मोडलं. वडील मरेपर्यंत एवढंच म्हणत राहिले, "ऊन लागत होतं तर सांगायचंस, छत्री दिली असती." त्यांना खरं काय ते मावशींनी कधी सांगितलं नाही.

फेरपाहणी झाली, पण पाच महिन्यांनी. कार्यालयातल्या एका मैत्रिणीनं त्या अहवालाची नक्कल आणून दिली. ती मावशींनी मला दाखवली होती. घड्या पडून पडून मधली ओळ पुसट झालेली, तरी वाचता येत होती. 'घरे सात. सर्व बंद. राहती कुटुंबे शून्य. गरीब कुटुंबे शून्य.'

त्यानंतर आवाज सुरू झाला. कुठेही, बाजारात, दवाखान्यात, मागच्या भिंतीपलीकडून कुणीतरी काहीतरी ओढत नेतंय. ज्या खुर्चीवर बसावं ती गरम लागे, मग ती दुकानातली नवी कोरी का असेना. शेवटी त्यांनी खुर्ची सोडली आणि माणसं शोधायला लागल्या. वरची माणसं पोट घेऊन खालीच येणार, या हिशेबानं नदीकाठच्या शहरात दर रविवारी नव्या इमारतींवर जायच्या. वाळू चाळणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बायांचे चेहरे बघत फिरायच्या. मुकादम हटकायचे, "काम हवंय का बाई?"

दोन वर्षांनी पाचव्या घरातली बाई सापडली. वाळू चाळत होती.

"ओळखलंत? मी पाहणीतली. वर तुमच्या ओळीत आले होते."

"आम्ही इथलेच," ती म्हणाली. बोलण्याचा हेल सरळ वरचा.

"आता नवी यादी होतेय. इथल्या यादीत नावं घालता येतील. मी लिहून घेते, नेऊनही देते." मावशींनी पिशवीतून कागद काढला.

तिनं चाळण थांबवली. मावशींना वाटलं, शिव्या देईल, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण ती हळू आवाजात, जवळजवळ समजूत घातल्यासारखं म्हणाली, "बाई, एकदा लिहिलंत ना. आता आमचं नाव कुठंच लिहू नका."

इथपर्यंत सांगून मावशींनी हातातला गणवेश बाजूला ठेवला. मी सुईत दोरा ओवून पुढे धरला, तो त्यांनी घेतला नाही.

"मग काय केलंत, मावशी?"

"काय करणार? चाळण मोठी होती, तिला एकटीला उचलत नव्हती. मी दुसरी बाजू धरली. दुपारपर्यंत चाळत होतो. ती बोलली नाही, पण नको असंही म्हणाली नाही. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा बाकीच्या बायका तिच्याभोवती जमल्या आणि मिळून पत्र्याच्या खोल्यांकडे गेल्या. त्यांतल्या काहींचे चेहरे ओळखीचे होते. मी मोजले. सवय गं, दुसरं काय." त्यांनी चटईवरची बटणं एका जागी ओढली. "तिला धरून चार घरांतल्या होत्या. बाकीच्या तीन घरांचं काय झालं, हे विचारायला तोंडच उघडलं नाही. पुढच्या रविवारी गेले तर इमारत पुरी झाली होती, पत्रे काढून नेले होते. पहारेकरी म्हणाला, इथे कुणी राहतच नव्हतं."