इझ्बेलचं सरळ चालणं

इझ्बेल ड्रेव्हरला मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन बरीच वर्षं झाली होती, पण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या वेस्ट्रे बेटावर तिला 'बिचारी' म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकाने म्हणून पाहिलं होतं. तो अजून तिचं दार टाळून मागच्या कुंपणावरून उड्या मारत जातो.

नसा पोखरणाऱ्या या दुखण्यावरचं नवं औषध तिने दवाखान्याशी भांडभांड भांडून मिळवलं होतं. अट एकच. दर आठवड्याला फोन खिशात ठेवून सरळ चालायचं, ती चाल फोनमधलं अ‍ॅप तपासणार. चाल बिघडली, तर औषध बंद.

आणि अ‍ॅप म्हणालं, बिघडली. तोल सारखा डावीकडे.

इझ्बेलचं डोकं फिरलं. पायांत उलट जोर आला होता. तिने फोन नवऱ्याच्या खिशात कोंबला.

"चाल."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"तेच बघायचंय."

एर्लंड गोठ्यापर्यंत जाऊन आला. अ‍ॅपच्या मते त्याचं काही खरं नव्हतं. मग तिने फोन मेंढ्याच्या गळ्यात बांधला. मेंढा नवऱ्यापेक्षा बरा निघाला.

पुढच्या तपासणीला नर्स रोना छोट्या विमानाने आली. इझ्बेलने तिला धावपट्टीवरच गाठलं. "तपासणी नंतर. आधी हा फोन घे नि त्या भिंतीपर्यंत चालून दाखव."

रोना तिरकी तिरकी गेली नि तशीच परत आली. अ‍ॅपने तिचीही आशा सोडली.

"घे. तुलाही माझा आजार झालाय."

रोनाने तोंडात गेलेले केस बाहेर काढले. "इझ्बेल, चालण्याआधी अ‍ॅप विचारतं, वारा आहे का. तुम्ही दर वेळी 'नाही' म्हटलंय."

"नव्हताच."

"आणि आज?"

इझ्बेलने समुद्राकडे पाहिलं. "छे. बोट चालू आहे की."

एर्लंडनेही मान डोलावली. प्रवाशांची बोट बंद ठेवावी लागल्याशिवाय वेस्ट्रेत कुणी वारा म्हणत नाही. तोवर असते ती नुसती हवा.

रोनाची टोपी तेवढ्यात शेजारच्या कुरणात पोचली.

तिघं गावच्या हॉलमध्ये गेली. विणकामाला जमलेल्या बायकांनी खुर्च्या सरकवल्या, दारं लावली. इझ्बेल चालली. इथेही डावीकडेच गेले तर, या धास्तीने तिने नजर समोरच्या दारावरून हलवली नाही. रोनाने फोन पाहिला, पुन्हा पाहिला.

"सरळ. गेल्या वर्षापेक्षा बरी चाल आहे. औषध चालू राहील."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एर्लंड हळूच म्हणाला, "चूक झाली म्हण की."

"चूक त्यांची. प्रश्नच धड नाही. बोट बंद आहे का, असं विचारा म्हणावं."

"हे अ‍ॅप एडिनबरातही वापरतात हो, तिथे कुठली बोट?" रोना म्हणाली.

"मग त्यांनी आम्हाला फोन करावा. आम्ही सांगू."