एका ‘खस्ता’पायी लातूर

लोक लातूरकडे जातात ते खरोशाची लेणी बघायला. आम्ही गेलो एका शब्दापायी.

बाबा म्हणजे तहसीलमधून निवृत्त झालेले अव्वल कारकून. मामेबहिणीच्या साखरपुड्यात जेवताना ते ‘आम्ही लई खस्ता खाल्ल्या’ म्हणाले, आणि तिच्या वडिलांनी, अहमदपूरच्या मामांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय खाल्लं? बाबांच्या मते ते संस्कृतातलं ‘कष्ट’च, उलटंपालटं झालेलं. मामांच्या मते निजामाच्या फौजेतली वाळकी भाकर. झालं, अबोला! आता तिचं विहारातलं लग्न तोंडावर आलेलं, आणि पत्रिकेत आपलं नाव असेल की नाही या काळजीनं बाबांचं जेवण कमी झालेलं. विचारायचं तरी कसं? शेवटी आईनं तोडगा काढला. दोघांच्याही ओळखीचे एक निवृत्त उर्दू मास्तर लातूरला राहतात, त्यांच्याकडून निकाल लावून घ्या. मी पंच.

सकाळी उमरीहून नांदेड, तिथून लातूरची एसटी. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात तिकडे जाणारा पाहुणा पेढ्यांऐवजी पाणी नेत होता, म्हणून आम्हीही वीस लिटरचा जार घेतला. कंडक्टरनं जारला जागा दिली, मला नाही. लोह्याला गरम भजी जरूर खा, पण बेतानं. पुढचा रस्ता ती पोटात टिकू देत नाही.

अहमदपूरला मामा चढले, त्यांच्याही खांद्यावर जार. तोवर मला सीट मिळाली होती. दोघं माझ्या दोन बाजूंना बसले. मामा मला म्हणणार, बापाला विचार पाणी पेतो का. बाबा मला म्हणणार, मामाला सांग प्यालो. लातूरपर्यंत मी टपालखातं चालवलं.

मास्तरांनी आधी दोन्ही जार आत नेले, मग चहा दिला, मग निकाल. शब्द फारसी, अर्थ जखमी, मोडलेला, दमलेला. खस्ता कचोरीही त्याच घराण्यातली, हातात धरली की मोडते. दोघंही हरले. पण चेहरे असे, की दुसरा हरला ना, मग बास.

मग मामांनी पिशवीतून पत्रिकांचा गठ्ठा काढला. छापून महिना झाला होता. ‘विनीत’खाली पहिलं नाव बाबांचं.

“दाजी, तुमचं नाव नसल तर लगीन कुणाच्या घरचं म्हणायचं?”

बाबा चष्मा पुसत बसले. मलाही भरून आलं. तेवढ्यात माझी नजर पत्त्यावर गेली: ‘मु. अहमदपूर, जिल्हा उदगीर’. उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी तेव्हा नुसती बोलणी चालू होती. मामांनी सगळ्यांच्या आधी करून टाकला. नंतर बदलायची कटकट नको, म्हणे. मी बाबांकडे पाहिलं. एका वेलांटीपायी लोकांचे अर्ज परत पाठवण्यात या माणसाची हयात गेलेली. त्यांनी गठ्ठा नीट बांधून आपल्या पिशवीत ठेवला.

घरी आल्यावर माझी कंबर दोन दिवस खस्ता होती. बाबा मात्र उन्हात घरोघर पत्रिका वाटत फिरले, मी सोबतीला. शेजारच्या गुरुजींनी पत्ता वाचला आणि विचारलं, उदगीर जिल्हा झाला कधी हो?

बाबांनी शांतपणे चपला घातल्या.

“झाला,” ते म्हणाले. “तुम्हाला कळवायचं राहिलं असल.”