कावळ्याला घाई झाली होती

काल आत्याच्या दहाव्याला कावळा चुकला.

कायगाव टोक्याला नदीकाठी दादानं पिंड ठेवला आणि हात जोडायच्या आत तो येऊन शिवलासुद्धा. लोक म्हणाले, बाईंची काहीच इच्छा राहिली नव्हती.

राहिली होती. मला माहीत होती.

माझी कुमुदआत्या. गारखेड्यातल्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. लग्न केलं नाही, त्याचं कारण विचारणाऱ्याला चहा मिळायचा, उत्तर नाही.

विनोदी धडा शिकवताना वर्गाला पोटभर हसू द्यायची. मग खडू खाली ठेवून विचारायची, "हसून झालं? आता सांगा, तो माणूस असा का वागला?"

निम्मा वर्ग तिथंच गार.

रिटायर झाल्यावर ती स्वतः गोष्टी लिहायला लागली. कॉलनीच्या गणपती मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एक. तिरकस, पण चावरी नाही.

आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. पुढारी, सरपंच, व्याही, कुणीही माईक धरतो. आत्यानं एकदा त्यावरच लिहिलं.

गोष्टीतला माणूस कायम गाडीच्या डिक्कीत हार ठेवतो. ओळख असो नसो, प्रत्येक दहाव्याला जातो, शेजाऱ्याला मयताचं नाव विचारतो आणि भाषण ठोकतो. एकदा तर कुणाच्या तरी सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात सवयीनं सांगतो, "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उभे राहतात. सत्कारमूर्तीसुद्धा.

तिची गोष्ट टाइप करून देताना मी इतकी हसले की आईनं येऊन बघितलं.

आता कॉलनीत असा माणूस एकच. रंगनाथराव. मूळचे लासूर स्टेशनचे, नोकरीतून निवृत्त, आमच्या मागच्या गल्लीत घर. डिक्कीत हार खरंच असायचा.

पण गोष्टीला लास्ट पॅरा होता. त्या माणसाच्या वडलांच्या दहाव्याला कुणीच बोललं नव्हतं. एवढंच. तो वाचला की आधीचं सगळं हसू घशात अडकायचं.

मंडळाच्या पोरांनी नेमका तोच काढला.

तिथं एका मंगल कार्यालयाची ॲड बसवायची होती. गोष्ट तर कळतेय ना, मग झालं तर, असं त्यांचं म्हणणं.

स्मरणिका घरोघर गेली आणि लोक लोळून हसले. आत्यानं पान उघडलं, ॲड बघितली आणि चष्मा काढून ठेवला.

"हसू तेवढं राहिलं. माणूस गेला," एवढंच म्हणाली.

पुढं कॉलनीत कुणाचा तरी दहावा होता. रंगनाथराव बोलायला उठले तशी मागून खसखस सुरू झाली. कुणीतरी विचारलं, हार ताजा आहे ना.

त्यांनी फोटोला हार घातला आणि येऊन खाली बसले.

त्यानंतर दहाव्याला यायचे, पण शेवटच्या रांगेत. तोंडातून शब्द नाही.

आत्याला हे फार लागलं. मंडळाला तिनं झापलं, पण पोरं म्हणाली पुढच्या वर्षी छापू. शेवटी एका सकाळी ती माझ्या स्कूटीवर मागं बसली आणि आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिनं तो पॅरा त्यांना वाचून दाखवला.

रंगनाथरावांनी कागद मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला.

"बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. माणूस उगाच इतक्या परक्या लोकांसाठी बोलत नाही. मी आपला विचार केला."

"लई बरोबर केला," ते म्हणाले. "फक्त एक राहिलं. त्या दिवशी नदीवर दोन दहावे व्हते. माईक पलीकडं व्हता."

त्यांच्या घरातल्या काकूंनी चहा आणला, तो आम्ही प्यायलो.

निघताना आत्या म्हणाली, पुन्हा बोलायला लागा. ते म्हणाले, आता नाय जमायचं, लोक हसत्यात.

"मग माझ्या दहाव्याला बोला. तिथं निदान मी तरी हसणार नाही."

ते नुसते हसले. हो म्हणाले नाहीत.

ही होती तिची इच्छा. दवाखान्यातसुद्धा तिनं मला विचारलं होतं, रंगनाथराव बोलतात का गं कुठं?

तर काल कावळा शिवला. दोन भाषणं झाली, दोन्हींत पोकळी निर्माण झाली. लोक चपला शोधायला लागले. रंगनाथराव शेवटच्या रांगेत, मान खाली.

मी माईक उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

ते उभे राहिले. मागं खसखस झालीच.

"कुमुद भगवानराव," ते म्हणाले. "यांनी गारखेड्यात पोरांना मराठी शिकवलं. माझ्यावर गोष्ट लिहिली. तुम्ही सगळ्यांनी वाचली. शेवट छापायचा राहिला व्हता, तो मी सांगतो."

मग त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"माझे वडील सखाराम विठोबा. लासूर स्टेशनला आडतीवर हमाल व्हते. पाठीवर पोतं असलं तरी गाणं म्हणायचे. त्यांच्या दहाव्याला कोणी बोललं नाय. मीबी नाय. मला बोलता येत नव्हतं."

मागची खसखस कधी थांबली, कळलं नाही.

"आता येतं," ते म्हणाले. "बाईंसाठी आणि त्यांच्यासाठी, दोन मिनिटं उभे राहू या."

सगळे उभे राहिले. आत्याचा पॅरा काढणारा स्मरणिकेचा संपादक माझ्या शेजारीच होता. त्यानं डोळे पुसले ते मी बघितलं आणि त्याला तसं दाखवलं नाही.

कुमुदआत्या, तुझ्या गोष्टीचा लास्ट पॅरा पोचला गं सगळ्यांपर्यंत.

आता सावकाश जा.