पोपटांना न कळणारी भाषा

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्ही माझी कादंबरी वाचली असेल, नसेल — पाण्याखालच्या राज्याची, तिथल्या लोकांच्या वेगळ्याच भाषेची. ती भाषा मी घडवली, असं सगळीकडे सांगत आलो.

घडवली सुमनताईने. माझ्या मोठ्या बहिणीने.

मोहाडीजवळ आमचं धानाचं शेत. लोंब्या भरल्या की पोपट हाकलायला आम्ही दोघं शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसायचो. पोपटांना माणसाचं बोलणं कळतं, असं ताईचं ठाम मत — कुठून हाकलायचं ते त्यांच्यासमोर मराठीत बोलायचं नाही! म्हणून तिने शब्द केले. लुव म्हणजे पाणी. त्यातून लुवन, पाण्यात राहणारा — मासा. लुवस, पाणी नसणं — तहान. तेय म्हणजे आई. आणि आई गेली त्या वर्षी तिने तेयलाही ते नसण्याचं 'स' शेपूट जोडलं. तेयस. म्हणजे आम्ही दोघं.

पुस्तकात तिचे सगळे शब्द घेतले, तेवढा एक सोडून. लाज वाटली होती का? माहीत नाही.

भंडाऱ्याला माझा सत्कार होता. ताई शेवटच्या रांगेत बसलेली. ही का आली — भाषणभर मला तेच पोखरत होतं. कुणाला काय सांगेल? शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्या भाषेत आई नसलेल्याले काय म्हणतात?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. "तेयस."

सगळ्या माना वळल्या. आणि मी — माईकवर, हसत — म्हणालो, "असा शब्द या भाषेत नाही."

"मावशी, लेखकालेच शिकवता का?" कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. ताईने पदर सावरला. "माहंच चुकलं असंन, बाप्पा."

तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. दरवर्षी नव्या तांदळाची पिशवी मात्र पाठवते. ती उघडताना मी थबकतो — ही माया, की आठवण करून देणं? फोनवर ती गप्प झाली की वाटतं, शेजारी कुणी ऐकतंय. भाच्याने पुस्तकाचं नाव काढलं की त्याच्या आवाजात मी खोच शोधतो. संशय घ्यावा असं तिने केलं काय? काहीच नाही. केलं ते मी.

आता दुसरी आवृत्ती निघाली आहे. तिच्यात तेयस आहे — मीच घातला, पोरक्या राजकन्येच्या तोंडी. वाचक कळवतात, तो शब्द काळजाला लागला.

मी त्यांचे आभार मानतो.