डोळेमिटे मास्तर

बाकीच्या गावांचे हुतूतूचे संघ संध्याकाळी मैदानात घाम गाळायचे, तेव्हा भोरचा आमचा संघ उंबराखाली डोळे मिटून बसलेला असायचा. नदीवर जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. टवाळ पोरं विचारायची, समाधी कधी उतरणार म्हणून. आमच्यापुढे येरझाऱ्या घालणारे ड्रिलमास्तर कुणाकडे ढुंकून बघत नसत. गावाने त्यांचं नाव ठेवलं होतं डोळेमिटे मास्तर.

मास्तर मूळचे किकवीचे, शेतकऱ्याघरचे. शाळेत नोकरीला लागून केस पिकले, तरी बोली गावचीच राहिली. "खेळ आदी हितं खेळायचा," कपाळावर बोट ठेवून ते म्हणत, "मंग मैदानात. हितं हरला त्यो तिथं काय जितणार, कपाळ?" मिटल्या डोळ्यांनी चढाई करायची, पाय कोण धरेल, कमरेला मिठी कोण मारेल, सगळं बघायचं आणि सुटून यायचं. मध्येच ते कानाशी येऊन विचारत, "धरला का रं? सुटला का?" एकदा मी पेंगत होतो आणि झोपेतच "सुटलो" म्हणालो. पाठीत बसलेला धपाटा अजून आठवतो.

त्यांचं दुसरं शास्त्र पोटाचं. सामना जवळ आला की कुणाचं पोट दुखे, कुणाला ढवळून येई. मास्तर म्हणत, "ती भीती हाय. भीती पोटात ऱ्हाती. तिला म्हणावं, तू बस हितं, म्या जाऊन येतो." आणि खरंच, पहिली चढाई झाली की पोट गप्प. आम्ही त्यांना देव मानत होतो ते काही उगीच नाही.

शिवराम आमच्यातला सगळ्यात तयार गडी. घर वेल्ह्याकडचं, बाप नव्हता, आई दुसऱ्याच्या खाचरात भात लावायला जायची. कापूरहोळच्या सामन्याच्या आदल्या सकाळी तो पोट धरून आला. मी तिथेच होतो.

"मास्तर, लई दुखतंय. हितं, उजव्या अंगाला."

मास्तर हसले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तुला बी? अरं, तू तर वाघ माजा. बस. डोळं मीट."

शिवराम बसला. कपाळावर घामाचे थेंब, पण डोळे घट्ट मिटलेले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आता न्हाई दुखत." खरंच थांबलं होतं की मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून बोलला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तो खेळला. शेवटच्या चढाईत दोघांना मारून परतला, रेषा ओलांडली आणि तिथेच आडवा झाला. आम्ही त्याला खांद्यावर घ्यायला नाचत धावलो. जिंकलो होतो ना! पण तो उठेना. मिळेल त्या मोटारीने पुण्याला नेला. डॉक्टर म्हणाले, आत फुटलंय, काल आणला असता तर वाचला असता. उजाडायच्या आत शिवराम गेला.

त्याची आई शाळेच्या पायरीशी आली. "मास्तर, दुकतंय म्हणून कुनाला बोल्ला न्हवता का ओ त्यो?" आम्ही सगळे माना खाली घालून उभे. मास्तरांना गप्प राहता आलं असतं. ते म्हणाले, "बोल्ला हुता. मला." ती नुसती बघत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मास्तरांनी संघ सोडला, पाठोपाठ नोकरीही. उंबराखाली पुन्हा कुणी बसलं नाही.

काही वर्षांनी मी किकवीला गेलो. मास्तर बांधावर बसले होते, डोळे मिटून. वाळून गेले होते. जवळ बसून म्हटलं, "मास्तर, अजून खेळता?"

"रोज," डोळे न उघडता ते म्हणाले. "त्यो पोट धरून येतो. म्या म्हंतो, चल. मोटारीत घालतो त्याला. येळेवर पोचतो आमी पुण्याला. डाक्तर म्हंतो, बरं केलंत, लवकर आणलंत."

"मग?"

"मंग डोळं उगडावं लागतं, बाबा."